दूध आपले, विरजण आपले, विकर कोणाचे?



कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दूध हे कापसाचे आणि ज्वारीचेच पुढचे पीक आहे. सरकीची ढेप आणि ज्वारीचा कडबा म्हशीच्या पोटात जातो, तेव्हा कुठे सकाळ-संध्याकाळ चार पैसे हाती येतात. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही आला तर. किराणा, दवाखाना आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च ज्या घरात म्हैस आहे तिथे दुधावर निघतो. म्हणून दूध पिणाऱ्याचे पोट दुखते की नाही, हा प्रश्न जितका डॉक्टरचा तितकाच आपलाही आहे. माल पचला नाही तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. बाजाराचा नियम इतका साधा आहे.

आणि दूध पुष्कळांना पचत नाही. जगातल्या प्रौढ माणसांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसांचे आतडे दुधातली साखर पुरती पचवू शकत नाही. अशांपैकी काहींना पेलाभर दुधाने काही होत नाही, काहींचे पोट फुगते, गुडगुडते, मुरडा येतो, ढाळ लागतात. आपल्याकडे याला ‘दूध बाधते’ असा एकच शब्द आहे. ज्याला दूध बाधते तोच माणूस भाकरीबरोबर तांब्याभर ताक पिऊन सुखाने शेतावर जातो. हे का होते आणि त्यातून काय वाट निघते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण या आजाराच्या इलाजावर आज जगात मोठा व्यापार उभा राहिला आहे आणि त्या व्यापारात दूध उत्पादक कुठे उभा राहणार हे अजून ठरायचे आहे.

दोष पोटाचा नाही

दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. गाईच्या दुधात ती शेकडा पावणेपाचच्या आसपास असते, म्हशीच्या दुधात सुमारे पाच. पाव लिटर दुधात धरा १२ ग्रॅम. डेअरीवर आपल्या दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. त्या एसएनएफमध्ये निम्म्याहून जास्त वाटा याच साखरेचा आहे.

ही साखर म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन लहान साखरांची जोडी. ती जोडी तुटल्याखेरीज साखर आतड्यातून रक्तात जात नाही. तोडण्याचे काम करणाऱ्या पदार्थाला लॅक्टेज म्हणतात. असल्या पदार्थांना शाळेच्या पुस्तकात ‘विकर’ म्हणतात, कंपन्यांच्या भाषेत एन्झाइम. आपण त्याला अडकित्ता समजू. अडकित्ता सुपारी कातरतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. पुढची सुपारी कातरायला पुन्हा तयार. विकराचे काम तसेच चालते, म्हणून थोडेसे विकर पुष्कळ दुधाला पुरते.

तान्ह्या बाळाच्या आतड्यात हा अडकित्ता भरपूर असतो. आईच्या दुधात साखर गाईच्या दुधाहूनही जास्त, शेकडा सातच्या घरात, तरी बाळ ती पचवते. दूध तुटले की निसर्ग अडकित्ता हळूहळू काढून घेतो. वासराचे, करडाचे, कोकराचे हेच. माणसाचाही मूळ नियम हाच आहे. काही हजार वर्षांपूर्वी गुरे पाळणाऱ्या काही समाजांत आनुवंशिक बदल झाला आणि त्यांच्या वंशजांना मोठेपणीही दूध पचू लागले. युरोपातल्या लोकांमधला हा बदल २००२ साली फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी नेमका हुडकला. २०१२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात भारतातल्या लोकांतही बहुतांशी तोच बदल आढळला. वायव्येकडे त्याचे प्रमाण जास्त, पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे कमी. पंजाबातला गडी लोटाभर दूध रिचवतो आणि आपल्याकडचा पेलाभर दुधाने बेजार होतो, यात कोणी बलदंड आणि कोणी नाजूक असा प्रकार नाही. ज्याच्या त्याच्या वंशाचा वारसा आहे.

इथे तीन गल्लती टाळल्या पाहिजेत. एक, दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी हा वेगळा रोग आहे. त्याला हे विकर उपयोगाचे नाही आणि अ‍ॅलर्जी जिवावरही बेतू शकते. दोन, हगवणीनंतर लहान मुलाचा अडकित्ता काही दिवस बोथट होतो, पण तेवढ्यासाठी आईने अंगावरचे दूध तोडू नये. तीन, पोटात दुखले की लगेच दुधावर ठपका नको. पोटदुखीची कारणे अनेक. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात श्वासातला हायड्रोजन मोजून याचे निदान करतात. न पचलेली साखर मोठ्या आतड्यातले जंतू खातात, त्यातून हा वायू निघतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो.

ताक का सोसते?

विरजण लावले की दुधात जीवाणू वाढतात. ते दुधातली साखर खाऊन आम्ल करतात, दही लागते. म्हणजे थोडी साखर मडक्यातच संपते. पण खरी गंमत पुढे आहे. १९८४ साली अमेरिकेत दूध न पचणाऱ्या माणसांना दूध आणि योगर्ट, म्हणजे तिकडचे दही, असे सारख्याच साखरेच्या मापाने देऊन पाहिले. दह्यानंतर श्वासातला हायड्रोजन दुधाच्या मानाने जेमतेम एक-तृतीयांश निघाला. साखर तेवढीच, त्रास कमी.

याचे कारण असे की दह्यातला जीवाणू आपला अडकित्ता स्वतःच्या पोटात बाळगून असतो. उघडे विकर जठराच्या आम्लात टिकणे कठीण, पण जीवाणूच्या कातडीआड ते सुखरूप राहते. जीवाणू आतड्यात पोचला की पित्तरसाने ती कातडी सैल होते आणि अडकित्ता कामाला लागतो. म्हणून ताजे दही-ताक आणि उकळलेली कढी यांत फरक आहे. उकळल्यावर जीवाणूही मरतो आणि विकरही निकामी होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली दह्याचा हा गुण अधिकृतपणे मान्य केला. अट एवढीच की योगर्टच्या दर ग्रॅममध्ये निदान १० कोटी जिवंत जीवाणू असले पाहिजेत.

जे आपल्या मायबहिणी पिढ्यान् पिढ्या विरजणाच्या कवडीने करत आल्या, तेच हे तंत्र आहे. जीवाणूकडून विकर करून घ्यायचे आणि ते माणसाच्या पोटात उतरवायचे. फरक एवढाच की आपण ते गाडग्यात करतो आणि दुसरे कोणी ते पोलादी टाकीत करून डब्यात भरून विकतो.

पोलादी टाकीतले विरजण

जीवाणू हा मोठा हिशेबी प्राणी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी ई. कोलाय नावाच्या आतड्यातल्या जीवाणूवर काम करून १९६१ साली दाखवून दिले, की समोर लॅक्टोज नसेल तर तो लॅक्टोज तोडणारे विकर तयार करण्याच्या फंदात पडतच नाही. लॅक्टोज आले की कारखाना सुरू. त्यातही सोपी साखर, म्हणजे ग्लुकोज, हाताशी असेल तर आधी ती संपवतो. गिऱ्हाईक दिसल्याशिवाय माल काढायचा नाही, हे शहाणपण त्याला कोणी शिकवले नाही. या शोधाला १९६५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जीवाणूच्या कारखान्याचे बटण कुठे आहे हे कळल्यावर ते दाबायलाही माणूस शिकला.

विकराचा धंदा मात्र त्याआधीचा आहे. १८९४ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून तिच्यातल्या विकराचे अमेरिकेत पेटंट घेतले. कोंडा शेतकऱ्याचा, बुरशी निसर्गाची, पेटंट ज्याला कळले त्याचे. कापूसवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. ती खळ कापडावरून उतरवायला गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून बॅसिलस जातीच्या जीवाणूंचे विकर वापरतात. आपला कापूस कापड होऊन परत येतो तेव्हा वाटेत त्याची जीवाणूंशी गाठ पडलेली असते.

दुधाच्या विकराचा व्यापार अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झाला. न्यू जर्सीच्या अ‍ॅलन क्लिगरमन यांनी लॅक्टेड नावाने तो बाजारात आणला. त्याला अमेरिकन कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्जिनिया हॉल्सिंगर यांच्या संशोधनाचा आधार होता. दुधात घालायचे विकर प्रामुख्याने यीस्टपासून काढत, आजही काढतात. जेवणाबरोबर घ्यायच्या गोळ्यांत बुरशीचे विकर असते, कारण ते आम्लात टिकते. यीस्टची अडचण अशी की ते विकर पेशीच्या आत ठेवते. पेशी फोडून ते काढावे लागते आणि त्याबरोबर नको असलेली विकरेही येतात. नीट साफ केले नाही तर टिकाऊ दुधाला कडवट किंवा औषधी वास येतो.

यावर जीवाणूंनी तोड काढली. मानवी आतड्यात राहणाऱ्या बायफिडो जीवाणूचे लॅक्टेज चांगले, पण तो वाढवायला नखरेल. उलट बॅसिलस दणकट, झपाट्याने वाढणारा आणि विकर थेट बाहेर टाकणारा. म्हणून बायफिडोचा गुण बॅसिलसमध्ये बसवला. टाकीत पाणी, स्टार्चची साखर, सोयाबीनसारखी प्रथिने आणि हवा. ठरलेली ऊब. त्यात जीवाणूचे बी. काही दिवसांत पीक तयार. मग जीवाणू गाळून वेगळे करायचे, उरलेले पाणी आटवायचे की विकर हाती आले. डेअरीत ते थंड दुधात घालून साधारण दिवसभर ठेवतात. साखरेची जोडी तुटते. दूध जरा गोड लागते, कारण सुट्या झालेल्या दोन साखरा मूळ साखरेपेक्षा गोड असतात. दुधातले काहीही कमी झालेले नसते. म्हणूनच मधुमेहवाल्याने ‘लॅक्टोजमुक्त’ म्हणजे बिनसाखरेचे असे समजू नये. साखर तिथेच आहे, फक्त तुटलेली आहे.

बॅसिलस ओळखीचा आहे

जीवाणूत दुसऱ्याचा गुण बसवला म्हटले की काहींच्या कपाळावर आठ्या चढतात. मधुमेहाचे रुग्ण १९८२ पासून जगभर ई. कोलायने तयार केलेले मानवी इन्सुलिन टोचून घेत आहेत. आणि आपण? २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्या बीटीतला ‘बी’ म्हणजे बॅसिलसच. तिथे जीवाणूचा गुण झाडात गेला, इथे विकराच्या डब्यात जिवंत जीवाणू येतही नाही.

बीटीने आपल्याला दोन धडे दिले. हिरव्या बोंडअळीचा उपद्रव खाली आला, फवारणीचा खर्च वाचला, हा पहिला. गुलाबी बोंडअळीने पुढे बीटीला जुमानले नाही आणि दर हंगामात बियाण्याचे पाकीट दुसऱ्याच्या दुकानातूनच आणावे लागले, हा दुसरा. तंत्रज्ञानाला देव मानून हळद-कुंकू वाहू नये आणि भूत मानून पळूही नये. ते कोणाच्या हातात आहे आणि त्याची किल्ली आपल्याकडे येते की नाही, एवढेच रोखठोक विचारावे.

दोन देशांचे दूधवाले

हाच प्रश्न लॅक्टेजला लावून पाहू. त्यासाठी दोन देशांतल्या आपल्यासारख्याच दूधवाल्यांकडे पाहिले पाहिजे.

पहिला फिनलंड. तिथली व्हालिओ ही दूध कंपनी १९०५ सालची आणि दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थांच्या मालकीची. या शेतकऱ्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. तिच्या प्रमुखपदी आर्तुरी व्हिर्तानेन हे रसायनशास्त्रज्ञ होते. लांब हिवाळ्यात गुरांना हिरवी वैरण मिळावी म्हणून चारा आम्लात टिकवण्याची, म्हणजे मूरघासाची, पद्धत त्यांनी बसवली आणि १९४५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शेतकऱ्यांनी पोसलेल्या प्रयोगशाळेत चाऱ्यावर काम करून नोबेल! याच संस्थेने २००१ साली लॅक्टोजमुक्त दूध आणले. विकराने साखर तोडली की दूध फार गोड होते, म्हणून थोडी साखर आधीच गाळून काढण्याची रीत त्यांनी शोधली, पेटंट घेतले आणि ताज्या दुधाची चव राखली. दूध शेतकऱ्यांचे, शोध शेतकऱ्यांचा, पेटंटही शेतकऱ्यांच्याच संस्थेचे.

दुसरा आयर्लंड. १९७४ साली केरी परगण्यातल्या दूध उत्पादकांनी सहकारी संस्था उभी केली. १९८६ साली तिच्यातून केरी ग्रुप ही कंपनी निघाली आणि शेअर बाजारात गेली. पुढे ती अन्नघटकांच्या व्यापारातली जगड्व्याळ कंपनी झाली. २०२२ साली डेन्मार्कच्या दोन विकर कंपन्या, नोव्होझाइम्स आणि ख्रिश्चन हॅन्सन, एकत्र यायला निघाल्या. लॅक्टेजचा व्यापार एकाच मुठीत जाईल म्हणून युरोपातल्या स्पर्धा नियामकांनी अट घातली, की या व्यापारातला वाटा विका. तो केरी कंपनीने १५ कोटी युरोंना घ्यायचे ठरवले. डिसेंबर २०२४ मध्ये केरीच्या सहकारी संस्थेच्या सभासदांनी आपला दूध धंदा कंपनीकडून परत विकत घेण्याच्या बाजूने मत दिले. धारा, संकलन, डेअऱ्या शेतकऱ्यांकडे परत निघाल्या. विकराचा धंदा कंपनीकडेच राहिला.

या दोन गोष्टींत आपल्यासाठी सगळे सांगून झाले आहे. दुधाच्या धंद्यात कष्ट जिथे आहेत तिथे शेतकरी आहे, आणि नफ्याची जागा जिथे आहे तिथे ज्याने प्रयोगशाळा सांभाळली तो आहे. फिनलंडच्या शेतकऱ्याने ती सांभाळली.

आपण काय मागायचे?

जगात सर्वांत जास्त दूध भारतात निघते. २०२३-२४ साली ते सुमारे २३.९ कोटी टन होते. गुजरातच्या अमूलने लॅक्टोजमुक्त दूध बाजारात आणले आहे, इतरही आणत आहेत. शहरातला गिऱ्हाईक त्याला साध्या दुधापेक्षा जादा दाम देतो. ते दिले नाही तर तो सोयाबीनचे, बदामाचे, ओटचे पेय घेऊन दुधाकडे कायमची पाठ फिरवतो. म्हणजे हे विकर आपल्या मालाचे गिऱ्हाईक राखणारे आहे. मात्र यामुळे उद्या दुधाला सोन्याचा भाव येईल असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सगळ्यांना असे दूध लागत नाही. बहुतेक लोकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे पेलाभर दूध, फारसा त्रास न होता चालते.

तरीही जिल्हा बैठकीत चार गोष्टींवर ठराव व्हावा असे आम्हाला वाटते.

पहिली, ज्या दूध संघाला आपण दूध घालतो तो लॅक्टोजमुक्त दूध करत असेल, तर विकराचा खर्च लिटरमागे किती, विक्रीचा जादा दाम किती आणि त्यातला वाटा उत्पादकाला किती, हे वार्षिक सभेत फळ्यावर लिहून मागावे. करत नसेल तर का नाही, हे विचारावे. थंड टाकी, विकर आणि तपासणीची सोय एवढ्यावर हे काम होते.

दुसरी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत दुधाच्या जीवाणूंचा संग्रह आहे. हे आपल्या पैशाने भरलेले जीवाणूंचे बियाणे कोठार आहे. त्यातून दूध संघांना परवडेल असे लॅक्टेज इथेच तयार करण्याचे काम संशोधकांनी घ्यावे. संघांनी त्यासाठी फुकट मागू नये, रीतसर करार करावा, पैसे मोजावे आणि हक्कात वाटा घ्यावा.

तिसरी, दह्या-ताकाच्या पाकिटावर जिवंत जीवाणू किती, हे छापलेले असावे. ताकाचा गुण त्या जिवंत जीवाणूत आहे. तो मारून टिकाऊ केलेले ताक आणि घुसळलेले ताजे ताक एकाच नावाने विकले जाऊ नये.

चौथी घरातली. ज्याला दूध बाधते त्याला हिणवू नका, ‘पी, ताकद येईल’ म्हणून जबरदस्तीही करू नका. त्याला ताजे दही द्या, ताक द्या, दूध थोडे थोडे आणि जेवणाबरोबर द्या. आणि घरातले सगळे दूध डेअरीला घालून पोरांच्या वाट्याला कोरा चहा ठेवण्याची जी पाळी आपल्यावर आणली गेली आहे, तिचा विचार बैठकीत जरूर करा. पचनाचा इलाज विकरात आहे. रिकाम्या पेल्याचा इलाज विकरात नाही, तो दुधाच्या रास्त भावात आहे.

विरजण शेजारणीकडून आणायची रीत आपल्याकडे अजून आहे. मागितले की मिळते, कोणी त्याचे पेटंट घेतलेले नाही. उद्याचे विरजण पोलादी टाकीत लागणार आहे. ते मागायला समुद्रापार जायचे की आपल्याच संघाच्या दारात, हे ठरवायची वेळ अजून गेलेली नाही. बैठकीला येताना आपल्या दूध संघाचा गेल्या वर्षाचा अहवाल बरोबर आणा.